ताल कुणाचा चुकला

लातुरात त्या काळी ज्याच्या त्याच्या माडीवर क्लास होता. खाली किराणा, वर फिजिक्स. खाली पिठाची गिरणी, वर केमिस्ट्री. भूकंपानंतरच्या दहाबारा वर्षांत गाव असं काही पालटलं की पाहुणा दारात आला तर आधी 'पोरगा कितवीला' हे विचारायचे, पाणी नंतर. बाहेरगावची पोरं खोल्या करून राहायची, मेसचे डबे खायची आणि डोळे लाल होईस्तोवर घोकायची. सगळ्यांनाच डॉक्टर व्हायचं होतं. "मग पेशंट कोन व्हनार?" असं ढोलकीवाले खाजाचाचा विचारायचे आणि आपल्याच विनोदावर आपणच पोट धरून हसायचे.

आनंदराजला डॉक्टर व्हायचं नव्हतं. त्याला आवाज धरून ठेवायचं वेड होतं. बारावीनंतर तो नांदेडला एका कॅसेटवाल्याच्या हाताखाली राहिला, वायरी जोडायला शिकला, माइक कुठं ठेवायचा ते शिकला, आणि परत आला तो एक जुना कॉम्प्युटर आणि एक छोटा मिक्सर घेऊनच. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यानं भिंतींना वाकळा ठोकल्या, वर अंड्याचे ट्रे चिकटवले आणि दारावर खडूनं 'स्टुडिओ' असं लिहिलं. त्याची आई धुरपताबाई म्हणाली, "बाकी समदं ठीक हाय, पर माज्या वाकळा थंडीत परत पायजेत."

स्टुडिओचं पोट भरलं ते क्लासनंच. मन्मथ सर म्हणून फिजिक्स शिकवणारे एक मास्तर होते. त्यांच्या लेक्चरच्या सीड्या देगलूरला, हदगावला, जी पोरं लातूरला येऊ शकत नव्हती त्यांच्यापर्यंत जायच्या. सरांचा आवाज धरायचं काम आनंदराजकडे होतं. पहिल्या पहिल्यांदा कॉम्प्युटर मधेच अडखळायचा. 'टिक्' असा आवाज यायचा आणि तेवढा शब्द गायब व्हायचा. एकदा सूत्रातला 'वर्ग' हा शब्दच त्या टिकेत गेला. देगलूरच्या एका पोराच्या वडलांनी फोन करून सरांना असं काही फिजिक्स शिकवलं की सरांनी तो फोन तसाच आनंदराजच्या कानाला लावला.

ही टिक् का येते, हे त्याला त्याचा दोस्त अम्मारनं समजावलं होतं. अम्मारचे वडील गंजगोलाईच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. त्याच टपरीत अम्मार आता कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "तुझा कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबानं न्हाई नेत. बादली भरली की नेतो. बादली बारकी आसली तर खेपा लई. मधी दुसरं काम निघालं, की हिकडं बादली भरून सांडली. सांडलं त्ये टिक्. बादली मोठी कर, सांडनार न्हाई."

बादलीचं खरं नाव बफर. आनंदराजनं ती जेवढी मोठी होईल तेवढी केली. टिक् गेली ती गेलीच. सर बोलायचे, कॉम्प्युटर सावकाश लिहून घ्यायचा. थोडा उशिरा लिहिला तरी कुणाचं काय बिघडतंय? गतीचे नियम काही पळून जात नव्हते. आनंदराज ती बादली विसरूनही गेला. पुढचं सगळं रामायण घडलं ते त्या विसरण्यातून.

आता त्याच्या वडलांबद्दल, पंढरीबद्दल, सांगायला हवं. पंढरीची गायन पार्टी होती. पुढे पंढरी, बाजूला ढोलकीवर खाजा, मागे ओळ उचलून धरणारे झीलकरी. गाणी बाबासाहेबांची, शिक्षणाची, अंगावर आलेल्या दिवसांची. निलंग्यापासून हदगावपर्यंत जयंतीला पंढरीचं नाव निघायचं. खाजा मुसलमान, पंढरी बौद्ध, आणि दोघांची जोडी अशी की एकाला आमंत्रण दिलं तर दोघांचं ताट मांडावं लागायचं.

त्यांचं मूळ गाव किल्लारीच्या बाजूला, लातूर नंतरचं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे पार्टी वर्षावासाच्या कार्यक्रमाला देवणीला होती, म्हणून गाणारे वाचले. गावात ज्यांची दगडामातीची घरं होती ती माणसं गेली. ज्यांची कुडाची खोपटं होती ती राहिली. धुरपताबाई आणि लहानगा आनंदराज खोपटातले. गरिबी आयुष्यात तेवढी एकदा कामाला आली. पण पंढरीचा धाकटा भाऊ, पार्टीचा पहिला झीलकरी, अंगात ताप म्हणून मागे राहिला होता आणि शेजाऱ्याच्या पक्क्या घरात निजला होता. तो सापडला तिसऱ्या दिवशी.

त्यानंतर भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणी गात नव्हतं. पुढच्या एप्रिलला जयंती आली तेव्हा माणसं नुसती पुतळ्यासारखी बसून होती. पंढरी उठला, खाजाकडे बघितलं आणि त्यानं आवाज लावला. ज्यांच्या डोळ्यांतून महिनोन्महिने टिपूस आलं नव्हतं ती माणसं त्या दिवशी मोकळी झाली. आनंदराज तेव्हा आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होता. बापाचा आवाज म्हणजे काय चीज आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि आवाज धरायचं वेड तिथूनच लागलं असावं.

पार्टीचा एक नियम होता, आणि तो पंढरीनंच घातलेला. ज्याचा ताल सुटला त्यानं आपणहून मागच्या रांगेत जायचं. निकाल ढोलकीचा. खाजानं हात थांबवला की विषय संपला. तिथं नातं नाही, वय नाही, रडगाणं नाही. भर कार्यक्रमात पंढरीनं सख्ख्या भावाला मागे पाठवलं होतं. त्या भावाच्या आठवणीनं तो नियम आणखीच कडक झाला, देवाच्या वरचा.

बादली मोठी केली त्या वर्षी आनंदराजनं ठरवलं, जयंतीची नवी सीडी आपल्याच स्टुडिओत करायची. आधीच्या कॅसेटी करताना नांदेडला सगळे एका खोलीत बसून गायचे, पण इथं खोली म्हणजे माचिसची डबी. खाजाचाचांच्या ढोलकीनं पंढरीचा आवाज झाकून जायला लागला. मग त्यानं शहाण्यासारखी युक्ती काढली. आधी नुसती ढोलकी धरायची. मग ती ढोलकी हेडफोनमधून दादांच्या, म्हणजे पंढरीच्या, कानात सोडायची आणि त्यावर त्यांनी गायचं. मोठ्या शहरात असंच करतात, असं त्यानं सांगितलं. मोठ्या शहराचं नाव काढलं की आपल्याकडे प्रश्न कुणी विचारत नाही.

पंढरी जीव ओतून गायला.

*पाटीवरचं अक्षर पुसलं, पुसलं न्हाई शिकणं,*
*दगडाखालून निघून आम्ही शिकलो उभं टिकणं.*

गाणं संपलं. सगळे खोलीत दाटीवाटीनं बसले आणि आनंदराजनं गाणं लावलं. पहिल्या ओळीलाच खाजाचाचांच्या कपाळावर आठी पडली. ढोलकीची थाप पडून जायची आणि शब्द तिच्या मागून यायचा. फार नाही, पण तालातल्या माणसाला तेवढं पुष्कळ. पंढरीचा चेहरा उतरत गेला. पुन्हा गायला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा गायला. तसंच.

"पंढरी," खाजाचाचा जमिनीकडे बघत म्हणाले, "मागं पडायलास तू."

पंढरीनं हेडफोन काढून ठेवला आणि झीलकऱ्यांच्या मागे जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

त्या दिवसापासून तो गुणगुणायचा थांबला. सकाळी तोंड धुताना, जेवताना, चप्पल शोधतानासुद्धा गाणारा माणूस मुका झाला. आनंदराज सुरुवातीला धीर देत होता, म्हणजे 'वय होतं, चालायचंच' असलं काहीतरी म्हणत होता. असला धीर देण्यापेक्षा माणसानं गप्प बसावं. मग एका सकाळी पंढरीनं जाहीर केलं, "नांदेडच्या जयंतीचा कार्यक्रम मी घेत न्हाई. हदगावच्या पार्टीला बलवा म्हनून सांगून टाक त्येंला."

धुरपताबाई भाकरी थापता थापता थांबली. "आन तुमी काय करनार?"

"मागं हुबं राहून टाळ्या वाजवीन."

धुरपताबाई पोराला बाजूला घेऊन म्हणाली, "आनंदा, भूकंपात ह्यो मानूस येवढा खचला न्हवता. कायतरी कर. त्येंनी एकदा नांदेडला न्हाई म्हनलं, की पुना त्वांड उघडायचे न्हाईत."

आनंदराजनं नांदेडला फोन केला नाही. जयंती तोंडावर आली होती आणि बापाचं गाणं कायमचं बंद होणार की नाही, ते तेवढ्या दिवसांतच ठरणार होतं. तो खोलीत शिरला आणि त्याच्या हातात होतं ते त्यानं केलं. कॉम्प्युटरवर आवाजाची पट्टी उचलून पुढे सरकवता येते. त्यानं बापाच्या आवाजाची पट्टी ढोलकीच्या थापेला लागेस्तोवर थोडी पुढे ओढली. पहिली ओळ चपखल बसली. आता पुढची प्रत्येक ओळ वेगळी ओढावी लागणार म्हणून त्यानं पाण्याचा तांब्या भरून आणला आणि दुसरी ओळ ऐकली.

दुसरी बसलेलीच होती. तिसरीही. शेवटचं कडवंसुद्धा थापेला थाप लागत होतं. एकदा ओढलं आणि अख्खं गाणं जागेवर आलं होतं.

आनंद झाला, तो बाहेर पळत गेला आणि दादांना हाताला धरून घेऊन आला. "ऐका. बराबर झालं."

पंढरीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मागं पडल्यालं तू फुडं ढकललंस. स्टेजवर कोन ढकलनार?" आणि निघून गेला.

आनंदराजला ते लागलं. लागायलाच हवं होतं. पण बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. म्हातारा माणूस चुकतो तो कसा चुकतो? कधी जास्त, कधी कमी. दम लागला की जास्त, ओळ ओळखीची असली की कमी. इथं तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उशीर तेवढाच, मापून घेतल्यासारखा. थकलेल्या माणसाला असं जमतच नाही. असा इमानेइतबारे उशीर फक्त मशीनच करू शकतं.

आणि मग त्याला बादली आठवली.

तो तडक गंजगोलाईत गेला. अम्मारनं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "आबे, लेक्चरची बादली लावून तू बापाला गायला लावलंस? ढोलकी त्यांच्या कानात जानार ती बादली भरून. म्हंजे उशिरा. त्ये जे ऐकायलेत त्याच्यावर बराबर गायले. मग त्यांचा आवाज आत जानार, त्यो बी बादलीनंच. पुना उशीर. आन कॉम्प्युटर लिहितो काय, तर मानूस मागं पडला."

"मग बादली बारकी करतो."

अम्मारला स्टुडिओत आणून त्यानं ती केलीही. टिक् टिक् टिक्. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं गाणं झालं. अम्मार म्हणाला, "आता तुला सांगतो खरी गोष्ट. ही तुझी सिस्टीम साधी हाय. ती आधी माऊसला बघती, मग अँटिव्हायरसला सलाम करती, मग तुझ्या बापाच्या गान्याकडं येती. एक दुसरी जात आसती, कडक रिअल टाइमवाली. सांगितल्या वक्ताला हाजिर म्हंजे हाजिर, मग आभाळ कोसळू दे. हैदराबादला एक जन बसवून देतो. सगळंच नवं घ्यावं लागंल."

अम्मारचं चुकत नव्हतं. तशी मशीनं असतात आणि जिथं क्षणभराच्या उशिरानं जीव जातो तिथं ती लागतातच. पण आनंदराजचं डोकं आता तापलं होतं, आणि तापलं की ते बरं चालायचं. "वक्तावर हाजिर व्हायला कुनाला लागतंय?" तो म्हणाला. "सरांच्या लेक्चरला लागलं न्हाई. आवाज कापायला, जोडायला लागत न्हाई. लागतंय कवा, तर मानूस एक आवाज ऐकून त्याला जवाब देतो तवा. तेवढाच टाइम. मग मी मशीनला मधी घेऊच कशाला? दादा आन चाचा दोघं संगंच वाजवू-गाऊ देत. दोघांचा आवाज त्याच बादलीत पडू दे. उशीर हुईल, पर दोघांचा सारखाच. दोघं संगं उशिरा आले तर उशीर कळनार कुनाला?"

 "हैदराबादवाल्याचं गिऱ्हाईक गेलं," अम्मार म्हणाला.

पण मशीनचं कोडं सुटलं म्हणून बाप सुटत नव्हता. पंढरीला हे सांगून पटलं नसतं. पोरगं दया करायलंय, असंच त्याला वाटलं असतं. निकाल ढोलकीनं दिला होता. तो फिरवायचा तर ढोलकीनंच. म्हणून आनंदराज आधी खाजाचाचांच्या घरी गेला.

"चाचा, तुमचीच ढोलकी तुमच्या कानात सोडतो. तिच्यावर दुसरी ढोलकी वाजवून दावा."

"ह्यात काय दावायचंय? माझा हात मला कळत न्हाई का?"

ढोलकीसकट स्टुडिओत येऊन चाचांनी हेडफोन घातला, बाह्या सरसावल्या आणि स्वतःच्याच ढोलकीवर ढोलकी वाजवली. मान डोलावत, मजेत. संपल्यावर आनंदराजनं दोन्ही ढोलक्या एकत्र लावल्या. एक थाप, मागून दुसरी थाप. एक थाप, मागून दुसरी.

खाजाचाचांचं तोंड उघडंच राहिलं. "ही मागची कोन्ची?"

"आत्ताची. तुमचीच."

"झूट!" चाचा उभे राहिले. पुन्हा वाजवलं. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा तर इतकं चिडून वाजवलं की शेजारची म्हैस ओरडली. तरी मागेच. मग आनंदराजनं ती मागची ढोलकी, बापाचा आवाज ओढला होता बरोबर तेवढीच, पुढे ओढली. दोन्ही थापा एकात एक मिसळल्या. खोलीत एकच ढोलकी वाजायला लागली.

चाचा मटकन खाली बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्या त्याला मागं पाठवलं रे," ते म्हणाले. "ज्यानं आख्ख्या शेडला रडवलं, हुबं केलं, त्याला म्या मागं पाठवलं." आणि तिथूनच उठून, चप्पल न घालता, पंढरीच्या ओसरीवर गेले.

"पंढरी, सरक. मी बी मागं पडलो. माज्याच हाताच्या मागं माझा हात पडला. आता दोघं संगंच भिंतीला टेकू."

पंढरीनं वर बघितलं. "आनंदानं शिकवून पाठवलं का तुला?"

"आल्लाची आन. चल, आपल्या कानानं ऐक. तुझं पोरगं काय बी बदलनार न्हाई मशीनमदलं. ह्या दिसापत्तुर जसं हुतं तसंच ठिवलंय म्हनतो."

पंढरी उठला तो गायला नव्हे, भांडायला. पण उठला. आनंदराजनं खोलीत फक्त एकच बदल केला होता. ढोलकीनं आवाज झाकू नये म्हणून दार उघडं टाकून मधे आईची शेवटची वाकळ लटकवली होती. वाकळेच्या त्या बाजूला मागच्या ओसरीवर खाजा, या बाजूला पंढरी, आणि वाकळ एवढी आखूड की दोघांना एकमेकांचे पाय दिसत होते. दोन माइक. हेडफोन खुंटीला. बादली होती तेवढीच मोठी.

"कानात काय घालू?" पंढरीनं विचारलं.

"काय न्हाई. चाचा वाजवतील, तुमी गा."

पंढरी नाही म्हणून मान हलवणार, तेवढ्यात पलीकडून थाप पडली. मुद्दाम पडली. चाळीस वर्षं ती थाप पडली की तोंड उघडायची सवय, ती काय विचारून थांबणार? पंढरीच्या तोंडून ओळ निघून गेली. दुसरी निघाली. तिसऱ्या ओळीला तो भिंतीपासून सुटून माइकसमोर आला होता. पत्र्याच्या त्या खोलीत त्याचा आवाज मावेना. ओसरीत धुरपताबाई पिठाचा हात तसाच धरून उभी होती आणि तिनं डोळे पुसले तेव्हा गालाला पीठ लागलं.

गाणं संपलं. आनंदराजनं काहीच न ओढता, काहीच न कापता ते लावलं. थाप आणि शब्द, शब्द आणि थाप. केसाएवढीही फट नव्हती. खाजाचाचा पलीकडून ओरडले, "सुटला न्हाई! कुठंच ताल सुटला न्हाई!"

पंढरी हसला नाही. तो खुर्चीवर बसला आणि मशीनकडे, मग पोराकडे बघत राहिला.

"आनंदा," तो म्हणाला, "मशीन उशीर करायलंय ह्ये तुला पैल्या दिशी का न्हाई सुचलं?"

आनंदराजला खोटं बोलता आलं असतं. बाप खूश होता, वेळ चांगली होती.

"पैल्यांदा तुमच्यावरच शंका आली, दादा."

पंढरीनं हळूच मान हलवली. 

"खाजाला बी माझ्यावरच आली. मला बी माझ्यावरच आली," तो म्हणाला. "मशीनवर कुनालाच न्हाई आली. येवढी वर्सं 'मान वर करा' म्हनून गात आलो, आन येका खोक्यानं म्हनलं तू चुकलास, तर खाली घातली मान."

 मग पंढरी उठला आणि पुन्हा माइकसमोर जाऊन उभा राहिला.

"नांदेडला फोन लाव," तो म्हणाला. "म्हनावं, येतो. आन तवर दुसरं गानं घे."